बाविसावा सिस्टीम कॉल

किल मायनस नाइन, म्हणजे सक्तीने बंद करण्याची आज्ञा, देऊनही प्रोसेस मरत नाही, हे मी पहिल्यांदा नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रातल्या एका रात्रपाळीत पाहिलं. एका परदेशी ग्राहकाच्या सर्व्हरवर रात्रीचं हिशेबांचं काम अडकलं होतं. प्रोसेसच्या स्थितीच्या रकान्यात ‘डी’ हे अक्षर होतं. लोड ॲव्हरेज चाळिशीच्या वर चढलेलं आणि सीपीयू मात्र जवळजवळ रिकामा. आमचे लीड सर वर्षानुवर्षं हेच काम करत आलेले. त्यांनी स्क्रीनवर एक नजर टाकली आणि म्हणाले, “रीबूटची परवानगी माग. डीमध्ये गेलेली प्रोसेस मरत नसते.”

“काहून नाही मरत, सर?”

“लिनक्समध्ये तसंच असते. तू काहून डोकं लावून राहिली? एसएलएची मुदत चालू आहे.”

परवानगी आली, सर्व्हर रीबूट झाला, तिकीट बंद झालं. सरांचा सल्ला बरोबरच होता, त्या रात्री दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पण मी रूट म्हणून लॉगिन केलेलं होतं. रूटला सगळे अधिकार असतात हे आम्ही पहिल्या आठवड्यात शिकतो. मग रूटची आज्ञा न मानणारं त्या यंत्रात कोण होतं? घरी परतताना कॅबमध्ये हाच प्रश्न डोक्यात होता.

मिहानमध्ये काम करणाऱ्याला हा प्रश्न पडला तर विचारायचं कोणाला, हीही अडचण असते. वर्धा रोडवर, शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांच्या जमिनींवर हा सगळा परिसर उभा राहिला. टीसीएस, एचसीएल, इन्फोसिसची मोठी आवारं इथे आहेत. पलीकडे एम्स आहे, आयआयएम आहे, विमानं दुरुस्त करणारा हँगर आहे, आणि बोइंग ७८७ च्या फ्लोअरला लागणाऱ्या तुळया बनवणारा कारखानाही आहे. आमच्यासारख्यांचं काम मात्र बहुतेक सेवेचं. कोणाचं तरी ॲप्लिकेशन, कोणाचा तरी डेटाबेस, आणि तो चालू ठेवण्याची तिकिटं. त्या प्रत्येक सर्व्हरच्या पोटात कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, सेकंदाला हजारो वेळा धावत असतो, पण तो उघडून पाहण्याचं काम आमच्या वाट्याला येत नाही. आणि जे वाट्याला येत नाही ते आपल्यासाठी नाहीच, असं हळूहळू वाटू लागतं. मला ते मान्य करायचं नव्हतं.

माझ्या आत्याचा मुलगा पुण्यात ड्रायव्हर लिहितो. उपकरणांचे ड्रायव्हर, म्हणजे कर्नलच्या आतच. इंजिनीअरिंगनंतर त्याने सी-डॅकचा एम्बेडेड सिस्टीम्सचा डिप्लोमा केला होता. आमच्या भागातल्या बऱ्याच मुलांना कर्नलची पहिली ओळख त्या अभ्यासक्रमातच होते. सी-डॅकचे संस्थापक संचालक विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, आणि त्यांचं इंजिनीअरिंग नागपूरचंच, आज जिला व्हीएनआयटी म्हणतात त्या संस्थेतलं. १९९१ साली त्यांच्या चमूने परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्याच वर्षी, २५ ऑगस्टला, हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने आपण एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचं जाहीर केलं. दादा मला हे सांगतो तेव्हा त्याचा रोख एवढाच असतो, की खालच्या थरावर काम करणारे कुठूनही येतात.

मी त्याला फोन केला. लिनक्सचा कोड उतरवून घेतला आहे, कुठून वाचायला सुरुवात करू, असं विचारलं.

“लिनक्स आत्ता बाजूला ठेव,” तो म्हणाला. “तीन कोटींच्या वर ओळी आहेत त्यात. त्यातला मोठा भाग ड्रायव्हरांचा. तू एखादं फंक्शन शोधशील, ते दुसऱ्याकडे पाठवेल, ते तिसऱ्याकडे, आणि महिन्याभरात सोडून देशील. आधी एक अख्खा कर्नल वाच. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.”

अख्खा वाचता येईल असा कर्नल म्हणजे एक्सव्ही ६. अमेरिकेतल्या एमआयटीत २००६ साली विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी तो लिहिला गेला. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सचा तो नवा अवतार. आधी इंटेलच्या प्रोसेसरवर चालायचा, आता रिस्क-फाइव्हवर चालतो. कर्नलच्या ओळी दहा हजारांच्या आत, आणि सोबतचं पुस्तक शंभरेक पानांचं, फुकट मिळणारं.

त्या सहाव्या आवृत्तीलाही आपली गोष्ट आहे, आणि ती मला फार आवडते. ऑस्ट्रेलियातले प्राध्यापक जॉन लायन्स यांनी १९७६ च्या सुमारास युनिक्सचा सगळा सोर्स कोड आणि त्यावरची टीका अशी दोन पुस्तकं विद्यार्थ्यांसाठी तयार केली. पुढे मालक कंपनीने परवान्याच्या अटी कडक केल्या आणि ती वर्गात शिकवता येईनाशी झाली. मग पुढची कितीतरी वर्षं लोकांनी झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून ती वाचली. रीतसर छापील आवृत्ती आली १९९६ मध्ये. सीताबर्डीच्या झेरॉक्सच्या दुकानांत नोट्ससाठी रांगेत उभी राहिलेली मी, मला त्या वाचकांविषयी जवळीक वाटते.

कंपनीच्या लॅपटॉपवर असलं काही बसवता येत नाही, ते योग्यही आहे. माझा कॉलेजचा जुना लॅपटॉप होता, त्यावर उबुंटू टाकलं. क्यूएमू नावाचा प्रोग्राम रिस्क-फाइव्हचा अख्खा संगणक नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो, आणि एक्सव्ही ६ त्या नकली संगणकात चालतो. त्याला १२८ एमबी स्मृती पुरते. नवीन शिकणाऱ्याने महागडं यंत्र घ्यायची काही गरज नाही, आणि कर्नल कोसळला तरी कोसळतो तो त्या नकली संगणकात. दुसऱ्या सेकंदाला पुन्हा सुरू करता येतो.

मेक क्यूएमू ही आज्ञा दिल्यावर कर्नल सुरू होत असल्याची ओळ येते, मग दुसरा आणि तिसरा सीपीयू जागा झाल्याच्या ओळी, मग शेल आणि समोर डॉलरचं चिन्ह. एवढंच. पण या चार-पाच ओळींच्या आधी काय घडलं ते शोधायला बसले आणि माझा सगळा शनिवार त्यात गेला.

सी भाषेतलं फंक्शन चालायला स्टॅक लागतो. आपण प्रोग्राम लिहितो तेव्हा तो स्टॅक आपल्याला मिळालेलाच असतो. कोणी दिला हे विचारायची वेळ येत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टीम देते. आणि ऑपरेटिंग सिस्टीमला कोण देतं? कोणीच नाही. म्हणून एक्सव्ही ६ ची पहिली फाइल असेंब्लीत आहे. ती जेमतेम काही सूचनांची आहे: प्रत्येक सीपीयूला त्याचा क्रमांक विचारायचा, त्या क्रमांकाप्रमाणे ४०९६ बाइटचा स्वतंत्र तुकडा त्याला स्टॅक म्हणून द्यायचा आणि मग सी मधल्या पहिल्या फंक्शनवर उडी मारायची. कर्नल लिहिणं आणि साधा प्रोग्राम लिहिणं यांतला फरक मला त्या फाइलने समजावला. इथे तुमच्या खाली कोणी नाही. प्रिंटएफ हवा असेल तर तुम्हीच लिहा, स्मृती वाटायची असेल तर तुम्हीच वाटा, स्मृतीच्या मोकळ्या पानांची, म्हणजे ठरावीक मापाच्या तुकड्यांची, यादीही तुम्हीच ठेवा.

हे सगळं मी कॉलेजात शिकले नव्हते असं नाही. ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय होता, चांगले गुणही होते. मुंबई आयआयटीच्या डी. एम. ढमढेऱ्यांचं पुस्तक ग्रंथालयात होतं, अच्युत गोडबोल्यांचंही होतं; मराठी वाचक त्यांना लेखक म्हणून ओळखतात, पण आमच्यासाठी ते आधी या पुस्तकाचे गोडबोले होते. परीक्षेत मात्र यायचं ते वेगळंच. राउंड रॉबिनचा तक्ता काढा, सरासरी प्रतीक्षाकाळ काढा, सात गुण. एक्सव्ही ६ चा शेड्यूलर वाचला तेव्हा तो तक्ता समोर चालताना दिसला. न संपणारं एक लूप. प्रोसेसच्या ६४ खणांवरून ते फिरतं, चालायला तयार असलेली प्रोसेस सापडली की तिच्याकडे सीपीयू सोपवतं. सोपवणं म्हणजे काय? चौदा रजिस्टर एका जागी लिहून ठेवायची आणि दुसऱ्या जागेवरून चौदा वाचून घ्यायची. ‘कॉन्टेक्स्ट स्विच’ची व्याख्या मी कितीदा लिहिली असेल, ती चौदा रजिस्टर पहिल्यांदाच पाहिली. मुंबई आयआयटीच्याच प्रा. मैथिली वुतुकुरू यांची या विषयावरची व्याख्यानं सगळ्यांना खुली आहेत आणि त्या एक्सव्ही ६ चाच कोड उलगडून दाखवतात. कोडाचं एकेक प्रकरण वाचायचं, मग त्यांचं व्याख्यान ऐकायचं, असा क्रम मी लावून घेतला. दिवसपाळी असली की खापरी ते सीताबर्डी मेट्रोत एक व्याख्यान बरंचसं होतं.

किलचा कोड मी मुद्दाम आधी उघडला नाही. प्रोसेस झोपते कशी आणि जागी कशी होते ते कळल्याशिवाय तो कळणार नाही, असं दादाने बजावलं होतं. ते प्रकरण झाल्यावर उघडला, तर जेमतेम वीस ओळी. आणि त्या वीस ओळींत कोणाला मारण्याचं कामच नाही. किल प्रोसेसच्या नोंदीत ‘किल्ड’ या खणात १ लिहितो. प्रोसेस झोपलेली असेल तर तिला चालायला तयार म्हणून खूण करतो. संपलं, परत जातो. मरण्याचं काम ती प्रोसेस स्वतः करते. कर्नलमधून आपल्या जागी परतताना ती तो खण पाहते, १ दिसला तर स्वतःच एक्झिट करते. अजनीच्या रेल्वे यार्डाबाहेर सिग्नल लाल झाला म्हणून गाडी आपोआप थांबत नाही. चालक तो पाहतो आणि ब्रेक लावतो, तसं हे आहे.

हे असं का, हेही कोडातच दिसतं. ती प्रोसेस त्या क्षणी दुसऱ्या सीपीयूवर चालत असेल, तिच्या हातात एखादं लॉक असेल, फाइल सिस्टीममधला अर्धा बदल झालेला असेल. तिला तिथेच बाहेरून कापून टाकलं तर लॉक कायमचं अडकेल, डिस्कवरची नोंद अर्धवट राहील. म्हणून तिला सुरक्षित जागेपर्यंत येऊ द्यायचं. पाइपवर वाट पाहणारी प्रोसेस जागी झाली की लगेच तो खण तपासते. पण डिस्कच्या उत्तराची वाट पाहणारं लूप वाचलं, तर तिथे ही तपासणी नाहीच. जाणूनबुजून नाही. जागी झाली, काम झालेलं नाही असं दिसलं, पुन्हा झोपली.

लिनक्समध्ये याच अवस्थेला डी म्हणतात. तिथे अशा झोपेत असलेल्या प्रोसेसला किलने पाठवलेला सिग्नल जागंही करत नाही. आमच्या त्या सर्व्हरची स्टोरेजशी जोडणी तुटली होती. प्रोसेस कधीच न येणाऱ्या उत्तराची वाट पाहत होती. आणि लिनक्स १९९३ पासून अशा वाट पाहणाऱ्यांनाही लोड ॲव्हरेजमध्ये धरतो, म्हणून चाळीसचा लोड आणि रिकामा सीपीयू एकत्र दिसले. २००८ मध्ये लिनक्सने एक मधली अवस्था आणली, जिच्यात प्रोसेस इतर सिग्नलांना जागी होत नाही पण प्राणघातक सिग्नलाला होते. पण ती कर्नलमधल्या ज्या ज्या जागी वापरली आहे तिथेच. म्हणजे रूटची आज्ञा कोणी धुडकावली नव्हती. आज्ञा नोंदली गेली होती. ती वाचली जाईल अशा जागी प्रोसेस पोहोचतच नव्हती.

पुढच्या पाळीत मी हे सरांना सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढून घेतली, दोनदा ऐकलं, आणि मग टीमच्या नोंदवहीत तसं लिहायला सांगितलं: डी दिसला तर किलवर वेळ घालवू नका, आधी स्टोरेज तपासा. सेवेच्या कामात आपल्याला तिकीट बंद करण्याची शिस्त लागते, आणि ती शिस्त खरी आहे, तिच्यावर ग्राहकाचं काम चालतं. पण ‘का’ हा प्रश्न त्या शिस्तीत बसत नाही. तो आपण वेगळा, आपल्या वेळात, धरून ठेवावा लागतो.

वाचून झालं की लिहावंसं वाटतंच. प्रोग्राम कर्नलकडे काम मागतो ते सिस्टीम कॉलमधून, आणि एक्सव्ही ६ मध्ये मुळात असे २१ सिस्टीम कॉल आहेत. बाविसावा आपला घालायचा, ही नवशिक्यांची ठरलेली पायरी, आणि ती टाळू नये असं माझं मत आहे. मी घातला तो मोकळ्या पानांची संख्या सांगणारा. काम लहान, पण पाच ठिकाणी हात लावावा लागतो. एका फाइलमध्ये २२ हा क्रमांक, दुसरीत त्या क्रमांकाला जोडलेलं फंक्शन, तिसरीत प्रत्यक्ष काम, चौथीत प्रोग्रामांसाठी घोषणा, आणि पाचवीत तो असेंब्लीचा तुकडा जो क्रमांक रजिस्टरमध्ये ठेवतो आणि कर्नलचं दार वाजवतो. यातली एक जागा राहिली की काय होतं ते मी एकेक जागा मुद्दाम गाळून पाहिलं. पाचही कशासाठी आहेत हे तसंच नीट कळतं. शेवटी प्रोग्राम चालवला आणि ३२ हजारांच्या वरचा आकडा आला. १२८ एमबी भागिले ४ केबी म्हणजे ३२,७६८ पानं, त्यातून कर्नलने आणि चालू प्रोसेसनी घेतलेली वजा. आकडा जुळला. तेव्हा रात्रीचे किती वाजले होते ते आठवत नाही, पण उठून आईला सांगितलं हे आठवतं. ती म्हणाली, “आता झोप बाप्पा.”

पॅनिकची, म्हणजे कर्नलच कोसळण्याची, भीती नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला असते, म्हणून त्याविषयी थोडं. साध्या प्रोग्रामने चुकीच्या पत्त्याला हात लावला तर कर्नल त्याला संपवतो आणि पुढे चालतो. कर्नलनेच हात लावला तर संपवायला कोणी नसतं, तो थांबतो. पण थांबताना तो कारण सांगून थांबतो. कारणाचा क्रमांक १३ असेल तर वाचताना, १५ असेल तर लिहिताना चुकीचा पत्ता. सोबत तो पत्ता, आणि कोणत्या सूचनेवर घडलं तो पत्ता. हा दुसरा पत्ता ॲडर टू लाइन या साधनाला दिला की ते फाइलचं नाव आणि ओळ सांगतं. एक्सव्ही ६ लिहिणाऱ्यांनी आणखी एक सोय केली आहे: पान परत केलं की ते १ ने भरून टाकायचं, नवं दिलं की ५ ने. त्यामुळे पॅनिकमधल्या पत्त्यात नुसते ०५०५०५ दिसले की समजायचं, कोणीतरी नव्या पानात काही न भरताच ते वाचतंय. शिकणाऱ्याचा विचार करून कोड लिहिणं कशाला म्हणतात, ते या दोन ओळींत दिसतं.

लिनक्सकडे मी त्यानंतर वळले. व्हर्च्युअल मशीनमध्ये छोटं मॉड्यूल लिहायचं, इन्समॉडने आत घालायचं, डीमेसेजमध्ये आपली ओळ पाहायची, आरएममॉडने काढायचं. त्यात अवघड काही नाही आणि ते करून लिनक्सचा कर्नल कळतो असंही नाही. फरक पडला तो वाचनात. आता तिथे फोर्क, शेड्यूलर, किल यांचा कोड उघडला की भोवतीची गर्दी ओलांडून मूळ आकार दिसतो, कारण तो आकार मी दहा हजार ओळींत पाहिलेला आहे.

टीममधल्या गोंदियाच्या एका नव्या मुलीने विचारलं, “ताई, नागपुरात याच्या नोकऱ्या आहेत का?” मी खरं ते सांगितलं. अशा जागा पुण्यात आहेत. व्हेरिटासने तिथे फाइल सिस्टीमचं काम कित्येक वर्षं केलं, रेड हॅटचं कार्यालय आहे. बंगळुरू, हैदराबादला आहेत. मिहानमध्ये मला अजून दिसलेली नाही. ती तरीही आता माझ्यासोबत रविवारी बसते. तिला सी मधले पॉइंटर माझ्यापेक्षा चांगले येतात.

सध्या आम्ही दोघी मिळून फोर्क, म्हणजे एका प्रोसेसपासून दुसरी तयार करणारा सिस्टीम कॉल, बदलतो आहोत. मूळ एक्सव्ही ६ मध्ये फोर्क पालकाच्या सगळ्या पानांची मुलासाठी नक्कल करतो, आणि मूल बहुधा लगेच एक्झेक करून, म्हणजे दुसरा प्रोग्राम चढवून, ती सगळी टाकून देतं. त्याऐवजी पानं दोघांत वाटून घ्यायची, लिहिण्याची परवानगी काढून घ्यायची, आणि जो लिहायला जाईल त्याला १५ क्रमांकाचा फॉल्ट आला की तेव्हाच नक्कल करून द्यायची. प्रत्येक पानाचे वाटेकरी किती, हे मोजायला ३२,७६८ खणांची यादी लागते. एका सीपीयूवर सगळ्या चाचण्या पार पडतात. तीन सीपीयू दिले की कधी कधी शेवटी ओळ येते, की काही मोकळी पानं हरवली. आमचा बाविसावा सिस्टीम कॉल चाचणीच्या आधी आणि नंतर चालवून पाहिला, आकड्यात खरंच फरक येतो. आमचा संशय एका जागेवर आहे. पालक आणि मूल दोन सीपीयूंवर एकाच पानात एकाच वेळी लिहायला जातात. दोघांनाही वाटेकरी दोन दिसतात, दोघंही नक्कल करून घेतात, दोघंही एकेक वजा करतात, आणि शून्यावर आलेलं ते पान मोकळ्या यादीत कोणीच टाकत नाही. मोजणी पाहणं आणि वजा करणं यांच्या मध्ये आम्ही लॉक सोडत होतो. या रविवारी ती दोन्ही कामं एकाच लॉकखाली आणायची आहेत, आणि मग तिन्ही सीपीयूंवर चाचण्या रात्रभर चालू ठेवायच्या आहेत.